व्हरमाँटची गावकी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसांनी ‘अमेरिकेत काय पाहिले ते सांगा’ अशी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. परदेशगमन ही आता अपूर्वाई राहिलेली नाही. ज्याचे कोणी ना कोणी समुद्रापलीकडे नाही, असे कुटुंब या सभागृहात विरळाच. न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारती आणि नायगाराचा धबधबा यांची वर्णने आपण इतकी ऐकली आहेत की, न पाहताही ती आपल्याला पाठ झाली आहेत. म्हणून मी आज त्या वाटेला जाणार नाही. मी बोलणार आहे ते व्हरमाँट नावाच्या एका लहानशा राज्याविषयी आणि तेथील गावे वर्षाचे सहाही ऋतू कसे साजरे करतात व कसे सोसतात, याविषयी. सहा ऋतू आपल्याकडे आहेत, त्यांच्याकडे चारच, अशी शंका कोणी काढील. पण व्हरमाँटचे लोकही आपल्या चार ऋतूंत दोन अधिक ऋतूंची भर घालतात. ते कोणते, हे ओघाने येईलच.

हे राज्य अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या क्वेबेक प्रांताला लागून आहे. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे मिळून जेवढे क्षेत्र होईल, साधारण तेवढाच त्याचा विस्तार. लोकसंख्या मात्र २०२० च्या शिरगणतीत अवघी ६,४३,०७७ भरली. माँटपेलियर ही राजधानी. तिची वस्ती सुमारे आठ हजार असून, अमेरिकेतील सर्व राज्यांच्या राजधान्यांत ती सर्वांत लहान आहे. ‘हिरवा डोंगर’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून राज्याला नाव मिळाले. १७७७ पासून १७९१ पर्यंत हा प्रदेश स्वतंत्र प्रजासत्ताक होता. १७९१ मध्ये तो चौदावे राज्य म्हणून संघात सामील झाला. आपला कारभार आपण पाहण्याची जी खोड त्या चौदा वर्षांत लागली, ती अद्याप सुटलेली नाही.

माझा मुलगा नोकरीनिमित्त तेथे एका हजार-बाराशे वस्तीच्या गावात राहतो. तेथे माझे दोनदा जाणे झाले. प्रथम २०१८ च्या शरद ऋतूत आम्ही उभयता गेलो. दुसऱ्यांदा, सहधर्मचारिणीच्या निधनानंतर, २०२३ च्या फेब्रुवारीपासून जुलैअखेरपर्यंत मी एकटाच गेलो. या दोन खेपा जोडल्या म्हणजे वर्षाचे चक्र बहुतांशी पुरे होते.

शरद ऋतूविषयी फार बोलत नाही, कारण तेथे लक्षावधी प्रवासी तोच पाहावयास येतात. दिवस लहान झाले, रात्री गार पडू लागल्या की पानांतील हरितद्रव्य ओसरते आणि त्याखाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपल वृक्षाच्या पानांत तर त्याच वेळी नवा तांबडा रंग तयार होतो. ऑक्टोबरच्या आरंभी सारे डोंगर असे पेटतात की, आपल्याकडच्या फाल्गुनातील पळसाची आठवण व्हावी. प्रवासी हे पाहून परततात. पण गावकऱ्यांचा खरा शरद त्यानंतर सुरू होतो. पाने गळून गेलेली असतात, हिम अद्याप पडलेले नसते आणि झाडांच्या उघड्या काड्यांमधून दूरच्या घरांचे दिवे दिसतात. या नोव्हेंबरच्या उदास दिवसांना तेथील लोक ‘काड्यांचा ऋतू’ म्हणतात. हा त्यांचा पाचवा ऋतू. याच सुमारास सोळा दिवस हरणांची शिकार चालते. सुनेने पहिल्याच दिवशी आम्हा उभयतांच्या अंगावर भडक नारिंगी जाकिटे चढविली, म्हणजे रानातून फिरताना एखाद्या शिकाऱ्याचा आमच्याविषयी गैरसमज होऊ नये. त्या वेषात सौभाग्यवतींना हसू आवरेना. याच दिवसांत गावोगावच्या चर्चमध्ये रात्रीच्या पंगती उठतात. तिकीट काढून जेवावे आणि जमलेल्या पैशांतून छपराची डागडुजी किंवा कोणा आजाऱ्याचे औषधपाणी व्हावे, असा त्यांचा हेतू. आम्हा शाकाहाऱ्यांसाठी भोपळा, बटाटे आणि सफरचंदाचा ‘पाय’ एवढेच पान वाढले गेले. पण वाढणाऱ्या वृद्ध बाईंचा आग्रह मात्र आपल्याकडच्या यजमाणीला शोभावा असा होता.

हिवाळा हा तेथील वर्षाचा मोठा वाटा. पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, तळी गोठून कठीण होतात आणि त्यांवर छोट्या खोपटी उभारून लोक बर्फाला भोक पाडून मासे धरीत बसतात. या हिवाळ्याने एक ऋषितुल्य माणूस जन्मास घातला, त्याचा उल्लेख केल्याविना मला पुढे जाववत नाही. जेरिको गावचा विल्सन बेंटली हा साधा शेतकरी. जन्म १८६५ चा. बालपणी त्याला सूक्ष्मदर्शक मिळाला आणि हिमकणांचे त्याला वेड लागले. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्याने १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचे आपले पहिले छायाचित्र घेतले. पुढे सेहेचाळीस वर्षे, गाईंची धार काढता काढता, थंड पडवीत श्वास रोखून त्याने पाच हजारांहून अधिक हिमकण टिपले. एकासारखा दुसरा त्याला आढळला नाही. १९३१ मध्ये त्याचा छायाचित्रसंग्रह ग्रंथरूपाने निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हिमवादळातून पायी घरी आल्यावर न्युमोनियाने त्याचे देहावसान झाले. जे सर्वांच्या अंगणात पडते आणि सर्वजण फावड्याने बाजूला लोटतात, त्यातच त्याने आयुष्याचे सार्थक केले.

आता मी माझ्या मुख्य विषयाकडे येतो. मार्च महिन्याचा पहिला मंगळवार हा व्हरमाँटमध्ये ग्रामसभेचा दिवस असून त्या दिवशी राज्याची अधिकृत सुट्टी असते. ही प्रथा राज्याहूनही जुनी आहे. बेनिंग्टन गावी पहिली ग्रामसभा १७६२ मध्ये भरली. हा दिवस मार्चमध्येच का, याचे उत्तर शेतकऱ्याला विचारावे. लाकूडतोड संपत आलेली, पेरणी दूर, रस्ते अजून गोठलेले म्हणून येण्याजोगे, आणि घराघरातून हिवाळ्याने कोंडलेली माणसे दुसऱ्याचे तोंड पाहावयास आसुसलेली!

२०२३ मध्ये ही सभा ७ मार्चला आली. त्या दिवशी आपल्याकडे धुळवड होती. मुलाबरोबर मी शाळेच्या मोठ्या दालनात गेलो. सभेची सूचना कायद्यानुसार महिनाभर आधी लागलेली होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गावाचा छापील वार्षिक अहवाल प्रत्येक घरी पोहोचलेला होता. रस्त्यावर टाकलेल्या वाळूमिठाचा खर्च, पुलाच्या फळ्या, वाचनालयाचे वर्गणीदार, वर्षातील जन्म, विवाह आणि मृत्यू, सारे त्यात होते. शेवटच्या पानावर कर थकविणाऱ्यांची नावेही होती! लोक तो अहवाल मांडीवर घेऊन, पानांचे कोपरे दुमडून, पेन्सिलीने खुणा करून आलेले होते.

प्रथम सभापतीची निवड झाली. नंतर एकेक कलम वाचले जाई, चर्चा होई, ‘होय’ आणि ‘नाही’ यांचा घोष होई. सात मतदारांनी मागणी केली की चिठ्ठ्यांनी गुप्त मतदान घ्यावे लागते. काही जुनी पदेही तेथील कायद्याने जपली आहेत. कुंपणाचे तंटे पाहणारे पंच, लाकडाचा तपासनीस, कोळशाचा वजनदार अशी ती पदे आहेत. कोळसा आता कोणी जाळीत नाही, तरी पद शाबूत आहे. ते स्वीकारणाऱ्याला टाळ्या आणि थोडी थट्टा, एवढेच वेतन.

खरा वाद झाला तो रस्ते सपाट करणारा नवा ग्रेडर घेण्यावर. राज्यातील निम्म्याहून अधिक लांबीचे रस्ते अद्याप कच्चे आहेत, त्यामुळे हा प्रश्न तेथे जिव्हाळ्याचा. आमच्या शेजारचे वृद्ध शेतकरी उठले. त्यांनी सांगितले, जुने यंत्र अजून पाच वर्षे चालेल, घरपट्टी वाढली तर माझ्यासारख्यांनी घर विकावे काय? रस्त्यांच्या मुकादमाने शांतपणे उत्तर दिले. तासभर खल चालला, चिठ्ठ्या पडल्या आणि थोड्या मतांनी ग्रेडर मंजूर झाला. वृद्ध गृहस्थ हरले. लगेच जेवणाची सुट्टी झाली. घरोघरून आणलेले घेवड्याचे गोडसर कालवण, पाव आणि ‘पाय’ यांनी लांब टेबले भरली होती. पाहतो तो आमचे शेजारी त्या मुकादमाच्याच शेजारी बसून जेवीत होते! मतभेद दालनाच्या त्या टोकाला ठेवून ते या टोकाला आले होते.

दुपारी वाचनालयाच्या अनुदानाचे कलम निघाले. माझा मुलगा त्या देशाचा नागरिक नाही. त्यामुळे आम्ही मतदारांपासून अलग, भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसलो होतो. मतदार नसलेल्याला बोलावयाचे असल्यास सभेची अनुमती लागते. मुलाने हात वर केला. सभापतींनी सभेला विचारले, या गृहस्थांना बोलू द्यावे काय? साऱ्या दालनातून एकमुखाने होकार आला. मुलगा दोन मिनिटे बोलला. वाचनालय शनिवारी दुपारी उघडे असावे, एवढेच त्याचे म्हणणे. त्याला मत नव्हते; पण त्याचे म्हणणे इतिवृत्तात नोंदले गेले. बंधुभगिनींनो, मुलगा परत येणार नाही, हे पुष्कळ दिवसांपासून मला समजत होते. ते मान्य मात्र त्या दिवशी झाले. ज्या गावाने त्याला बोलू दिले, त्या गावाचा त्याच्यावर आता थोडा हक्क झाला, असे वाटून मी गप्प बसलो.

या सभांचा पाया लहानपणा हाच आहे. व्हरमाँट विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक ब्रायन यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने जवळपास तीस वर्षे सुमारे पंधराशे सभा पाहून, २००४ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सरासरीने मतदारांपैकी सुमारे एक पंचमांश लोक सभेस येतात आणि गाव जितके लहान तितकी उपस्थिती अधिक, असे त्यांना आढळले. या सभा केवळ वाळूमिठावर बोलतात असेही नाही. १९८२ मध्ये दीडशेहून अधिक गावांनी अण्वस्त्रांची वाढ थांबवावी असे ठराव केले होते.

ग्रामसभा आटोपली की मेपलच्या रसाचा हंगाम भरास येतो. रात्री पाणी गोठावे आणि दिवसा वितळावे, असे हवामान आले की शर्करा-मेपलच्या खोडातून किंचित गोड, पाण्यासारखा रस स्रवतो. ही विद्या युरोपीय वसाहतवाल्यांची नव्हे. अबेनाकी आदी मूळ रहिवासी ती आधीपासून जाणत होते. पूर्वी झाडाला बादली टांगीत. आता बहुतेक रानांतून नळ्यांचे जाळे पसरलेले असते. हा रस रानातल्या खोपटात, रुंद कढयांत आटवितात. चाळीस लिटर रसाचा एक लिटर पाक होतो. त्या खोपटाच्या छपरातून वाफेचे लोट निघाले की वाटसरू बिनदिक्कत आत शिरतात. मी शिरलो आणि क्षणभर कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात उभा आहे असे मला वाटले. तीच आच, तोच गोड वास, आणि कढईवरून नजर न हलविणारा तोच गुळव्या! केवळ चरक नाही, आणि काहिलीत उसाच्या रसाऐवजी झाडाचे पाणी. ताज्या हिमावर हा कढत पाक ओतून त्याची चिवट तार काट्याने गुंडाळून खातात आणि गोडाने तोंड मिटले की वर आंबट काकडीचा तुकडा! एका गोष्टीने मी थक्क झालो. भोक पाडण्याजोगे खोड होण्यास झाडाला सुमारे चाळीस वर्षे लागतात. म्हणजे आज जो रोप राखतो, तो बहुधा नातवासाठीच राखतो. अमेरिकेत होणाऱ्या मेपल-पाकापैकी जवळपास निम्मा पाक या चिमुकल्या राज्यात होतो, यामागे अशा आजोबांचे पुण्य आहे.

कळ्या फुटू लागल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो. मग येतो त्यांचा सहावा ऋतू, चिखलाचा. वरची माती वितळते, खालची गोठलेलीच असते, त्यामुळे पाणी मुरत नाही आणि कच्चे रस्ते लापशी होतात. टपालवाला येत नाही, शाळेची गाडी मोठ्या रस्त्यावरच थांबते. या कंटाळ्यावरही त्यांनी उपाय शोधला आहे. वेस्ट डॅनव्हिलच्या जोज पॉन्ड नावाच्या तळ्यावर हिवाळ्यात एक सिमेंटचा ठोकळा ठेवून तो दोरीने काठावरील विजेच्या घड्याळाला जोडतात. बर्फ वितळून ठोकळा बुडाला की घड्याळ बंद पडते. तो क्षण कोणता, याचा अंदाज तिकीट घेऊन बांधायचा! जमलेल्या पैशांतील काही भाग विजेत्याला आणि काही ४ जुलैच्या दारूकामाला जातो.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी सारे राज्य झाडू लागते. १९७० मध्ये डीन डेव्हिस हे राज्यपाल असताना हा उपक्रम सुरू झाला. हिमाखाली दडलेला वर्षभराचा कचरा आता उघडा पडलेला असतो. लहानमोठे सर्वजण हिरव्या पिशव्या घेऊन आपापल्या रस्त्याच्या कडा स्वच्छ करतात. रस्त्याच्या कडेला जाहिरातींचे फलक तर तेथे दिसतच नाहीत. १९६८ च्या कायद्याने ते बंद झाले. मीही सकाळभर वाकून बाटल्या वेचल्या. दुपारी कंबर बोलू लागली, तेव्हा आमचे वृद्ध शेजारी म्हणाले, ‘आता तुम्ही या रस्त्याचे झालात.’

या रस्त्याची कसोटी जुलैत लागली. ४ तारखेची मिरवणूक, सजविलेले ट्रॅक्टर, मुलांच्या सायकलींना बांधलेल्या फिती, हे सारे आनंदाने पार पडले होते. एका आठवड्यातच, १० आणि ११ जुलै २०२३ रोजी, राज्यावर अपार पाऊस कोसळला. माँटपेलियरच्या बाजारपेठेत नदी शिरली. महापूर तेथे नवा नाही. नोव्हेंबर १९२७ च्या पुरात ८४ माणसे दगावली आणि बाराशेहून अधिक पूल वाहून गेले. ऑगस्ट २०११ मध्ये ‘आयरीन’ वादळाने पुन्हा हाहाकार केला. आमच्या रस्त्याखालची मोरी रात्रीत वाहून गेली आणि सहा घरे तुटली. सकाळी सातला दूरवर घरघर ऐकू आली. तोच ग्रेडर येत होता. या बाजूने आमचे शेजारी आपला जुना ट्रॅक्टर घेऊन निघाले होते. मार्चमध्ये ज्या यंत्राविरुद्ध त्यांनी मत दिले, त्याच्यासमोर ते दोन दिवस खडी ओढीत राहिले. मी न राहवून विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘मत माझे होते, रस्ता सर्वांचा आहे.’ पुढल्याच वर्षी, २०२४ मध्ये, नेमक्या त्याच तारखांना राज्यात पुन्हा पूर आला.

आता दुसरी बाजू न सांगितल्यास मी अप्रामाणिक ठरेन. जे गाव माणसाला सामावून घेते, तेच त्याला वगळूही शकते. याच राज्याने १९३१ मध्ये वंशशुद्धीच्या नावाखाली निर्बीजीकरणाचा कायदा केला. गरीब, अपंग, अबेनाकी, फ्रेंच-कॅनेडियन कुळातील माणसे ‘आपल्यातली नव्हेत’ असे ठरविणारी जी चळवळ त्यामागे होती, ती सुशिक्षितांचीच होती. नव्वद वर्षांनी, २०२१ मध्ये, विधिमंडळाने त्याबद्दल ठरावाने क्षमा मागितली. कूळ पाहून माणूस मोजण्याचा मोह कोणत्याही समाजाला होऊ शकतो, याची ही नोंद आहे; आणि ती आपल्यासारख्या मंडळाने विशेष ध्यानी ठेवावी अशी आहे.

ही गावकी आज टिकेल की नाही, याचीही चिंता तेथे आहे. १९४० च्या दशकात राज्यात सुमारे अकरा हजार दुग्धशाळा होत्या; आता त्या काही शेकड्यांवर आल्या आहेत. आमच्या शेजाऱ्यांच्या गोठ्यातही एकही गाय उरलेली नव्हती. तरुण बाहेर जातात, शाळांतील मुले घटतात. करोनाच्या साथीत २०२१ मध्ये पुष्कळ गावांनी सभा न भरविता केवळ मतपत्रिकांनी निर्णय घेतले, आणि ती सोय काहींच्या अंगवळणी पडली. मतपत्रिकेने मते अधिक पडतात, हे खरे. पण मतपत्रिकेला प्रश्न विचारता येत नाही, तिच्याशेजारी बसून जेवता येत नाही, आणि भिंतीकडच्या खुर्चीवरील परक्याला तिच्याकडून बोलण्याची अनुमती मिळत नाही.

मला या दोन खेपांतून एवढेच उमगले. उत्सव अनेक ठिकाणी होतात. परंतु जेथे उत्सवातली माणसे पूर्वी एकमेकांच्या खर्चाचा हिशेब करून बसलेली असतात, तेथेच ती पुराच्या दिवशीही भेटतात. पाक, पंगत, मिरवणूक ही गावकीची फुले. तिचे मूळ त्या कंटाळवाण्या छापील अहवालात आहे. आपल्याही मंडळाचा अहवाल आज आपल्या प्रत्येकाच्या खुर्चीवर ठेवलेला आहे. भोजनास अजून अवकाश आहे. तेवढ्या वेळात त्याची पाने चाळावीत, पटणार नाही तेथे खूण करावी आणि उद्याच्या सर्वसाधारण सभेत ती खूण घेऊन यावे, एवढीच माझी विनंती.